वाचणाऱ्याच्या वाटच्या विड्या

९ जानेवारी

डॉक्टरने डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारून पाहिलं आणि म्हणाला, मधलं गेलं, कडा राहतील. म्हणजे यापुढे समोरच्या माणसाचे कान दिसतील, चेहरा दिसणार नाही.

"आणि वाचन?"

"कुणाकडून तरी वाचून घेत जा, आजोबा."

कोवळा पोरगा. आपण कुणाशी बोलतोय हे त्याला काय ठाऊक! सव्वीस वर्षं विडीच्या शेडमध्ये मी वाचून दाखवत होतो. खाली माणसं मान घालून पानं कापायची, तंबाखू भरायची, वळायची. वर चौथऱ्यावर बसून मी सकाळी वर्तमानपत्रं आणि जेवणानंतर कादंबरी वाचायचो. अर्ध्या जगाच्या क्रांत्या त्या शेडने माझ्या तोंडून ऐकल्या. आता मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

संध्याकाळी वाचनशाळेत गेलो. हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवणारी शहनास टीचर तिथे होती. तिने एका संगणकावर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून दिलं. विकतचं, पण नमुना फुकट. आतली बाई आमची भाषा तोंडात गरम भात घेतल्यासारखी बोलत होती. तेही सोसलं. अग्रलेख रंगात आला आणि बाई गप्प झाली.

"नमुना चाळीस मिनिटांचाच असतो, चात्तुएट्टा. पुढचं विकत घ्यावं लागतं," टीचर म्हणाली. सगळं गाव मला दादा म्हणावं तसं एट्टाच म्हणतं.

चाळीस मिनिटं! कादंबरीतली बाई विहिरीच्या काठावर उभी आहे, आणि शेडमधल्या वाचणाऱ्याने पुस्तक मिटून 'पुढचं विकत घ्या' म्हटलंय, असं कधी झालंय? जिवंत सोडलं असतं का त्याला?

टीचरने मग दुसरा रस्ता सांगितला. लोकांनी मिळून बनवलेलं, कुणीही उघडून पाहावं, बदलावं, पुढे द्यावं असं मुक्त सॉफ्टवेअर असतं. आमच्या भाषेत वाचणारंही आहे, पण त्याचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा. चांगला हवा तर कुणीतरी आपला आवाज दिला पाहिजे आणि बाकीच्यांनी त्यावर काम केलं पाहिजे. तिला वाटलं मला समजावून सांगावं लागेल. मला एका वाक्यात कळलं. शेडमध्ये वाचणाऱ्याला मालक पगार देत नसे. प्रत्येकजण स्वतःच्या वळलेल्या विड्यांतल्या दोन-दोन माझ्या सुपात टाकायचा. ती माझी मजुरी. सगळ्यांनी वळायचं, एकाने सगळ्यांसाठी वाचायचं. त्याचंच नाव आता बदललंय.

मंडळ काढायचं. ठरलं.

१४ जानेवारी

मुक्त सॉफ्टवेअर मंडळाची स्थापना झाली. अध्यक्ष मी, सचिव शहनास टीचर. स्वागत समिती, प्रचार समिती, फलक समिती झाल्या. मिरवणुकीचा मार्गही ठरला. टीचर हळूच म्हणाली, "एट्टा, आधी एका संगणकावर तरी हे चालू करून बघू या का?" मी म्हटलं, संघटना आधी, साधनं मागून येतात.

प्रेमराजन दारात उभा राहून ऐकत होता. वाचनशाळेच्या खालीच त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. गावातल्या प्रत्येक संगणकात त्याने चोरीचं सॉफ्टवेअर घालून दिलं आहे.

"फुकटच हवं ना, चात्तुएट्टा? मी चोरीचं फुकट देतोच की. हे कष्टाचं फुकट कशाला?"

"चोराला मालक मान्य असतो, प्रेमराजा, म्हणून तर तो चोरतो. आम्हाला मालकच मान्य नाही."

टाळ्या झाल्या. प्रेमराजनही वाजवत होता. पन्नास मिनिटं बोललो. आवाज अजून शाबूत आहे. डोळे गेले तर गेले.

२ फेब्रुवारी

आवाज कुणाचा घ्यायचा हा प्रश्न समितीत आला, पण प्रश्न कसला! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं (पाहिलं असावं). आज वाचनशाळेच्या मागच्या खोलीत टीचरने ध्वनिमुद्रण केलं. साधी, सुटी वाक्यं: 'दुधाचा दर वाढला आहे.' 'पुढची गाडी उशिरा येईल.' 'आजी अंगणात बसली आहे.' मी प्रत्येक वाक्याला न्याय दिला.

टीचर मधूनमधून म्हणत होती, "एट्टा, जरा साधं." साधंच वाचलं.

१९ फेब्रुवारी

नाचक्की.

महिनाअखेरीच्या आधीच टीचरने माझ्या आवाजाचं यंत्र जुळवून आणलं. सगळी समिती जमली. हॉटेलवाले मूसाक्का सगळ्यांना काळा चहा घेऊन आले. टीचरने मृत्यूच्या जाहिरातींचं पान लावलं. यंत्र गरजलं: "कुञ्ञंबू नायर! वय ब्याऐंशी! यांचे! निधन झाले!!" जणू त्यांच्या निधनाविरुद्ध आम्ही मोर्चा काढतोय. पुढे हवामान आलं. 'तुरळक ठिकाणी हलका पाऊस' ऐकून प्रेमराजनने मूठ वर केली आणि ओरडला, "झिंदाबाद!" मूसाक्का हसता हसता बाकावरून खाली घसरले.

टीचर बिचारी ओशाळली. म्हणाली, यंत्र वाक्यांचे तुकडे करून पुन्हा जोडतं. आवाज चढत-उतरत असला की एक तुकडा डोंगरावर, दुसरा दरीत. सपाट आवाज हवा. दर वाक्याला तोच, दमला तरी तोच, दुःखात आणि बाजारभावात तोच.

मी लगेच म्हटलं, "कार्त्यायनी."

कुणी काही बोलायच्या आत माझ्या तोंडून गेलं. मग कारणं सांगितली. शेडमध्ये ती तिसऱ्या रांगेत बसायची. संपाच्या वेळी मी पंचेचाळीस दिवस आत होतो, तेव्हा माझ्या जागी तिने वाचलं. बाहेर आल्यावर लोकांनी तक्रार केली, 'बाई खुनाची बातमी आणि भाताचा भाव एकाच सुरात वाचते.' म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ती योग्य आहे. तिचा सूर नेमका कसा होता ते मला अजून आठवतं, हाही पुरावाच. निवड निव्वळ तांत्रिक आहे.

नवरा गेल्यापासून ती मुलाकडे मंगळुरूला असते. पण मूसाक्का म्हणाले, घर विकायला महिन्याभरासाठी आली आहे.

२० फेब्रुवारी

दोनदा दाढी केली. पहिली नीट दिसली नव्हती.

तिच्या अंगणात पोचलो तेव्हा ती पितळेची भांडी चिंचेने घासत होती. मला कडेने तिचा हात, हातातला काथ्या आणि पांढरे केस दिसले. मधे धुकं.

"या, सखावे," ती म्हणाली. संघटनेतल्या कुणालाही कॉम्रेड म्हणावं तसं ती मला अजून सखावे म्हणते. "कानाकडे बघून काय बोलताय? इकडे आहे मी."

डोळ्यांचं सांगितलं. तिने घासलेलं भांडं बाजूला ठेवलं. नंतर म्हणाली, "आणि मला तुम्ही आहात तस्सेच दिसताय. अन्याय आहे हा."

मी मंडळाचं ध्येय, भाषेचं स्वातंत्र्य, मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी, बाराशे वाक्यं वाचण्याचं काम, सगळं मांडलं. तिचे हात चालू होते.

"बाराशे वाक्यं? मला विषूच्या सणाआधी घर मोकळं करून किल्ली द्यायची आहे. माळ्यावर तीन पिढ्यांचा पसारा आहे. आणि माझा आवाज कसला? आमचे हे म्हणायचे, तू भांडतेस तेव्हा तांदूळ निवडतेयस असं वाटतं."

"तोच हवा आहे."

"सखावे, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तो हवा आहे," ती हसली. पण नाही म्हणाली.

परत येताना पायवाटेवर दगडाला ठेचकाळलो. मंडळाचं मोठं नुकसान होणार आहे.

२३ फेब्रुवारी

नुकसान टळलं!

मी काही केलं नाही. मूसाक्कांच्या हॉटेलात फक्त इतकंच म्हटलं की कार्त्यायनीला वेळ नाही. आज सकाळी शेडमधल्या जुन्या सहाजणी, एक काठी टेकत, एक नातवाच्या स्कूटरवर, तिच्या दारात हजर, मागे टीचर आणि मी.

"तू वाच, आम्ही आवरतो," त्यांच्यातली नारायणी म्हणाली.

"अगं, घर माझं आहे."

"शेडमध्ये वाचणारा विड्या कुठे वळायचा? वाचणाऱ्याच्या वाटच्या आपणच वळायचो की नाही? आता वाचणारी तू. बस."

मला भरून आलं. पन्नास मिनिटं बोलून जे होत नाही ते झालं. टीचर तर रडलीच. मी चार शब्द बोलायला उभा राहिलो तर नारायणी म्हणाली, "चात्तुएट्टा, बोलायचं असेल तर हातात केरसुणी घेऊन बोला."

४ मार्च

तिच्या घरातल्या धान्याच्या खोलीत मुद्रण चाललंय. लाकडी भिंती आहेत, बाहेरचा आवाज येत नाही. मीही आत बसतो. उच्चार तपासायला कुणीतरी लागतंच. टीचर म्हणाली, उच्चार मी तपासते की. पण तरुणांवर सगळा भार टाकणं बरं नाही.

'पुढची गाडी उशिरा येईल.' 'आजी अंगणात बसली आहे.' तिने ही वाक्यं वाचली तेव्हा खरोखर गाडी उशिरा आली आणि आजी अंगणात बसली. तिने काहीच केलं नाही. फक्त म्हटलं. भाषणकलेवर इतकी पुस्तकं वाचली, हे कशात नव्हतं.

११ मार्च

मळ्यापलीकडच्या देवराईत आज तेय्यम, देवाचा अवतार घेऊन नाचायचा उत्सव. दुपारपासून ढोलांचे, चेंड्यांचे आवाज सुरू झाले आणि लाकडी भिंतींतूनही आत आले. टीचरने यंत्र बंद केलं आणि जेवायला घरी गेली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. चेंडे थांबायची वाट बघत.

कार्त्यायनी म्हणाली, "तुमच्या सुपात मी किती विड्या टाकायची, ठाऊक आहे?"

"दोन. सगळे दोनच टाकायचे. नियम होता."

"मी चार टाकायची."

मी म्हटलं, संघटनेवर अशी निष्ठा हल्ली बघायला मिळत नाही. ही गोष्ट मी मंडळाच्या उद्घाटनात सांगणार. ती म्हणाली, "सांगा, सांगा." मग बराच वेळ चेंडेच वाजत होते.

किती सुंदर दुपार गेली. काम मात्र काहीच झालं नाही.

१९ मार्च

घर रिकामं होत चाललंय. पलंग गेला, कपाट गेलं, आज झोपाळा काढला. टीचर म्हणते, आवाज घुमायला लागला आहे, सुरुवातीच्या वाक्यांशी जुळत नाही. नारायणीने भिंतींना गोधड्या टांगल्या.

मी कार्त्यायनीला म्हटलं, तिकडे मुलाच्या घरी बोलायला कुणी आहे का? म्हणाली, "नातवंडं माझ्याशी कन्नड बोलतात, सून इंग्रजी बोलते, मुलगा फोनवर बोलतो. मी भांड्यांशी बोलते. आवाज फार वापरला जात नाही, म्हणून तर टिकला."

तिने इथेच राहावं असं एक क्षण वाटलं. पुढच्या वर्षी मंडळ आणखी आवाज तयार करणार आहे, अनुभवी माणूस गावात असलेला बरा.

२७ मार्च

बारा दिवसांचं उरलेलं वाचन तिने आठ दिवसांत संपवलं. आज संमतीपत्र. टीचरने वाचून दाखवलं: हा आवाज कुणीही, कुठेही, कशासाठीही वापरावा, बदलावा, वाटावा.

"म्हणजे मी इथे नसताना माझ्या तोंडून कुणी काहीही वदवेल?"

"हो, चेची," टीचर म्हणाली, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं.

"शिवीसुद्धा?"

"शिवीसुद्धा."

"चला. मला कधी जमली नाही, निदान यंत्रातल्या बाईला तरी जमेल."

टीचर शाईचं पेन आणायला बाहेर गेली. कार्त्यायनीने खुर्ची माझ्याजवळ ओढली, फरशीवर आवाज झाला.

"सखावे, एक सांगा. हा आवाज लोकांना हवाय, की तुम्हाला?"

अशा प्रश्नासाठी मी आयुष्यभर तयार आहे. मी म्हटलं, मी कोण? एका म्हाताऱ्याचे डोळे म्हणजे काय? या भाषेत ज्याला ज्याला अक्षर दिसत नाही, ज्याला शाळा मिळाली नाही, त्या प्रत्येकाच्या दाराशी हा आवाज जाईल. एका माणसाचं काही नसतं, कार्त्यायनी. आपण शेडमध्ये हेच शिकलो. एकाचं म्हणून जे राहतं ते त्याच्याबरोबर जळतं. सगळ्यांचं होतं तेच उरतं. असंच आणखी बरंच. शब्द आपोआप येत होते. इतकं चांगलं मी उभ्या जन्मात बोललो नसेन, आणि ऐकायला ती एकटीच.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. चेहरा मला दिसत नव्हता. कडेचे केस तेवढे दिसत होते, ते हलत नव्हते.

"बरं," ती म्हणाली. "लोकांना."

टीचर आली आणि कार्त्यायनीने सही केली. बोलण्याचा परिणाम इतका खोल झाला होता की नंतर ती जवळजवळ बोललीच नाही.

३० मार्च

कार्त्यायनी गेली. उद्घाटनाला थांबेल असं धरून मी सत्काराचा ठराव मंजूर करून घेतला होता. शाल आणली होती. मुलाने सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं, असं नारायणी सांगते. मी स्टेशनवर गेलो नाही. फलक समितीची बैठक होती.

बैठकीला कुणी आलं नाही.

१ एप्रिल

काही विशेष नाही.

२ एप्रिल

काही विशेष नाही. तिच्या घरावरून गेलो. नव्या मालकाने फाटकाला रंग दिला आहे म्हणतात. मला फाटकाच्या कडा दिसल्या. हिरवा असावा.

६ एप्रिल

उद्घाटन दणक्यात झालं. पाहुण्यांनी कळ दाबली आणि भरल्या वाचनशाळेत ती म्हणाली, "नमस्कार. आजी अंगणात बसली आहे." टाळ्या थांबेनात. माझं भाषण होतं. उभा राहिलो. पाच मिनिटांत खाली बसलो.

१० एप्रिल

मूसाक्कांच्या हॉटेलात पाऊल टाकलं आणि मागून कार्त्यायनी म्हणाली, "बांगडा, एकशे साठ."

मी वळलो. 'कधी आलीस' असं म्हणूनसुद्धा टाकलं. मूसाक्कांनी फोन वर धरला. बंदरावरचे मासळीचे भाव. "काय यंत्र आहे, चात्तुएट्टा! चष्मा लागत नाही."

वाचनशाळेखाली प्रेमराजनच्या दुकानात ती गिऱ्हाइकांचे नंबर पुकारते. त्याने चोरीचं सगळं काढून टाकलं. म्हणतो, मंडळात नाव घाला. हा मंडळाचा मोठा विजय आहे. शेजारच्या गावात बसथांब्यावर एक पोरगी अभ्यास ऐकत होती, तिथेही तीच.

संध्याकाळी टीचरकडे गेलो आणि विचारलं, हा आवाज थोडे दिवस, म्हणजे काही सुधारणा होईपर्यंत, मागे घेता येईल का?

"मागे कसा घेणार, एट्टा? आतापर्यंत हजारोंनी उतरवून घेतला असेल. आणि कसल्या सुधारणा? लोक खूष आहेत."

"बांगड्याचा भाव सांगायला लावतात तिला."

टीचरने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "एट्टा, लोकांना हवाय असं तुम्हीच सांगितलंत ना?" पेन आणायला गेली होती म्हणे. दारातच होती वाटतं.

येताना प्रेमराजनने हाक मारली. "चात्तुएट्टा, चेचीचा मंगळुरूचा नंबर आहे माझ्याकडे. लावून देऊ?"

"कशाला? मंडळाच्या कामाचं आता काही उरलेलं नाही."

"मंडळाच्या कामासाठी कोण म्हणतंय," तो म्हणाला. कायम थट्टा.

विषू

वहीत ओळींवर ओळी चढू लागल्या, म्हणून आजपासून टंकतो आहे. टीचरने माझ्या घरच्या संगणकावर सगळं बसवून दिलं. मी एक शब्द टंकला की ती तो म्हणून दाखवते, म्हणजे चुकलं तर कळतं. हे सगळं ती म्हणते आहे.

आज नव्या वर्षाच्या पहाटे घराघरांत म्हातारी बाई पोराबाळांचे डोळे हाताने झाकून त्यांना देवापाशी नेत असेल, बहाव्याची पिवळी फुलं, काकडी, आरसा, दिवा, आणि मग हात काढत असेल: बघ, वर्षातलं पहिलं दर्शन. माझे डोळे झाकायला कधी कुणी नव्हतं आणि आता गरजही नाही. नारायणीने काल बहाव्याचा तुरा आणून ठेवला. कडेने पिवळं काहीतरी दिसतं आहे.

दिवा लावला आणि संगणकापाशी बसलो. पहिलं दर्शन नाही तर पहिलं ऐकणं. तिच्याकडून काय ऐकावं? यंत्र आहे, टंकेन ते म्हणेल. मी टंकलं, सखावे. ती म्हणाली, सखावे. संघटनेतल्या कुणालाही म्हणावं तसं. मी पुन्हा टंकलं. ती पुन्हा म्हणाली, अगदी तशीच. तिसऱ्यांदा ऐकताना जाणवलं की खरी कार्त्यायनी सुद्धा नेहमी अशीच म्हणत आली, बाजारभावासारखं सपाट, आणि मी आवाज चढण्याची वाट बघत बसलो. जन्मभर व्यासपीठावर राहिलो. आवाज न चढवता कुणी काही सांगतं हे मला माहीतच नव्हतं.

चार विड्या. नियम दोनचा होता.

मग मी तिचा प्रश्न टंकला, शब्द न शब्द, जसा तिने विचारला होता. ती म्हणाली: सखावे, एक सांगा. हा आवाज लोकांना हवाय, की तुम्हाला?

या वेळी भाषण सुचलं नाही. बोटं कळा चाचपत राहिली. उत्तर एका शब्दाचं होतं. ते टंकलं.

मला.

आणि यंत्राचा नियमच तो, टंकलेलं म्हणून दाखवायचं. रिकाम्या खोलीत, कुठेही न चढता, तीच म्हणाली, "मला."

आज विषू, प्रेमराजनचं दुकान बंद असणार. घर माहीत आहे त्याचं, देवराईच्या अलीकडे. काठी घेऊन निघतो. नंबर त्यालाच लावायला सांगेन, मला आकडे दिसत नाहीत.